चित्रपट कसा घडला, हेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील चित्रपटविषयक पान मी नियमाने वाचते. नव्या चित्रपटांच्या पडद्यामागच्या गोष्टी म्हणून त्या पानावर बरेच काही येते. परंतु किती कोटी खर्च झाले, नायकाने किती वजन घटवले आणि चित्रीकरणाच्या वेळी कोणाची कशी फजिती झाली, यापलीकडे तो मजकूर सहसा जात नाही. एखादे दृश्य कॅमेऱ्यासमोर कसे उभे केले, त्यात अडचण कोणती होती आणि ती कोणी, कोणत्या युक्तीने सोडवली, हे वाचायला मिळत नाही. भारतीय चित्रपटाच्या तंत्राचा पाया ज्या गावांत घातला गेला, त्यांत मुंबई, नाशिक, कोल्हापूर आणि पुणे ही गावे आहेत. त्यामुळे मराठी वृत्तपत्राकडून ही अपेक्षा करणे गैर नाही, असे मला वाटते.

दादासाहेब फाळक्यांचेच उदाहरण घ्यावे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र त्या काळी कच्ची फिल्म कडांना भोके न पाडलेली येत असे आणि ती भोके अंधारात बसून यंत्राने पाडावी लागत, ही माहिती क्वचितच कोणी देतो. कॅमेऱ्यातील दाते याच भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतात. दोन भोकांमधले अंतर केसभर जरी चुकले, तरी पडद्यावर चित्र थरथरते आणि सारे श्रम वाया जातात. हे काम फाळक्यांच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायने तयार करणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवणे आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच होते. त्यांनी चित्रपटाच्या भांडवलासाठी दागिने दिले, ही गोष्ट आपण गहिवरून सांगतो. त्या फिल्म हाताळणाऱ्या तंत्रज्ञ होत्या, हे मात्र सांगायचे राहून जाते. 'राजा हरिश्चंद्र'चे छायालेखक, म्हणजे कॅमेरा चालवणारे, त्र्यंबक तेलंग यांचे नाव तर जाणकारांच्या वर्तुळाबाहेर ऐकूच येत नाही.

'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांची कन्या मंदाकिनी प्रथम आपल्या नेहमीच्या रूपात दिसते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. एक चित्र विरत असताना त्याच जागी दुसरे उमटण्याच्या या प्रकाराला आज डिझॉल्व्ह म्हणतात आणि तो संगणकावर क्षणात होतो. त्या काळी तो कॅमेऱ्यातच करावा लागे. कॅमेरा हाताने फिरवायचा, साधारणपणे सेकंदाला दोन फेरे, आणि एका फेऱ्यात आठ चौकटी. पहिले दृश्य संपत आले की छायालेखक फेरे मोजू लागे आणि समजा चार फेऱ्यांत भिंगाचे छिद्र हळूहळू पूर्ण मिटवी. मग भिंग झाकून हँडल उलटे चार फेरे फिरवायचे, म्हणजे फिल्मचा तेवढाच तुकडा पुन्हा मागे येई. नटाने वेशभूषा बदलून नेमक्या त्याच जागी उभे राहायचे, आणि पुढच्या चार फेऱ्यांत छिद्र तितक्याच सावकाशीने उघडायचे. एका फेऱ्याची चूक झाली, तर पडद्यावर मध्येच काळोख येई किंवा उजेडाचा भडका होई. वेशभूषेला लागणाऱ्या सगळ्या वेळात कॅमेऱ्याला बोटही लावायचे नाही, आणि सूर्य मात्र कोणासाठी थांबत नाही. सावल्या सरकल्या की दोन्ही चित्रे जुळत नाहीत. केलेले काम जमले की फसले, हे फिल्म धुऊन झाल्याशिवाय कळायचे नाही. एवढे वाचल्यानंतर तेच दृश्य पुन्हा पाहणाऱ्याला ते निराळे दिसेल, याविषयी मला शंका नाही.

या विषयाचे महत्त्व फाळक्यांनी स्वतः ओळखले होते. १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्यांनी पडद्यावर दाखवली, ती भांडवल देणाऱ्याला या माध्यमाची ताकद पटावी म्हणून. पुढे १९१७ साली चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपटच त्यांनी केला. त्याच्या उरलेल्या तुकड्यांत फाळके स्वतः काम करताना दिसतात. पडद्यामागची करामत उघड केली तर प्रेक्षकांचे कुतूहल ओसरेल, अशी धास्ती त्यांना वाटली नाही. आजच्या निर्मात्यांनाही ती वाटण्याचे कारण नाही.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे दोघे नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. कॅमेरा परदेशातून आणणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी तो स्वतः बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने ते काम तडीस नेले आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. 'सिंहगड'मध्ये (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, तोही चित्रीकरणाची सारी भिस्त उन्हावर असण्याच्या काळात.

त्यांच्याच तालमीत तयार झालेल्यांनी १९२९ मध्ये 'प्रभात' ही चित्रपटसंस्था काढली. 'अमृतमंथन'मधला (१९३४) राजगुरूचा पडदाभर दिसणारा डोळा आजही सांगितला जातो. पण श्रेय राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांच्या नजरेला आणि दिग्दर्शक शांतारामबापूंच्या कल्पनेला देऊन आपण थांबतो. साध्या भिंगाने एका डोळ्याने पडदा भरायचा तर कॅमेरा चेहऱ्याला जवळजवळ टेकवावा लागतो, आणि मग कॅमेऱ्याचीच सावली चेहऱ्यावर पडते. दूरचे जवळ आणणारे टेलिफोटो भिंग वापरल्यामुळे कॅमेरा मागे राहिला आणि दिव्यांना जागा मिळाली. अशा भिंगात स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद असतो. नटाची मान किंचित पुढे-मागे झाली तरी चित्र धूसर होते. छायालेखक केशवराव धायबर आणि चंद्रमोहन या दोघांच्या संयमातून तो डोळा साकारला आहे. 'कुंकू'मध्ये (१९३७) पार्श्वसंगीताला फाटा देऊन प्रसंगातल्या नैसर्गिक आवाजांवर भर दिला गेला, तेव्हा घरातला प्रत्येक आवाज विचारपूर्वक नोंदवावा लागला असणार. 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' या दोन्ही चित्रपटांचे छायालेखन व्ही. अवधूत यांचे. हे दोन चित्रपट ज्यांना जवळजवळ पाठ आहेत, अशा वाचकांपैकीही किती जणांनी हे नाव वाचले असेल?

जे फसले, तेही छापले पाहिजे. 'प्रभात'ने १९३३ साली 'सैरंध्री' नव्याने, रंगीत काढण्याचा घाट घातला, प्रती जर्मनीत काढून आणल्या, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. नव्याने चित्रपट करू पाहणाऱ्या मुलामुलींना यशाच्या दहा कहाण्यांपेक्षा या एका अपयशाचा तपशील अधिक उपयोगी पडेल.

ही घाई मी का करते आहे, तेही सांगते. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेणारी असते आणि आपोआप कुजतेही. मूकपटांच्या काळातले आपले बहुतेक चित्रपट कायमचे नष्ट झाले आहेत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी हयात वेचून जे मिळेल ते गोळा केले, म्हणून निदान काही तुकडे उरले. २००३ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत 'प्रभात'च्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. चित्रपटाची एखादी प्रत कधी परदेशातल्या गोदामातही सापडते. माणसाच्या हातातले कसब मात्र त्याच्याबरोबर जाते. फिल्मवर काम केलेले संकलक, लाइटमन, सेट उभारणारे सुतार आणि रंगारी, पावलांचे आणि भांड्यांचे आवाज स्टुडिओत हुबेहूब करणारे फोली कलाकार यांच्यातले अनेकजण आज उतारवयात आहेत. त्यांच्याकडे जाऊन, त्यांचे काम समजून घेऊन, ते मराठीत लिहून ठेवणारा वार्ताहर हवा आहे. कोल्हापूर आणि गोरेगाव येथे आपले प्रतिनिधी असतीलच.

माझ्या विनंत्या दोन आहेत. पहिली म्हणजे प्रत्येक चित्रपट परीक्षणाखाली दिग्दर्शक आणि कलाकारांबरोबर छायालेखन, संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन आणि रंगभूषा करणाऱ्यांची नावे न चुकता छापावीत. त्यासाठी चार ओळींहून अधिक जागा लागणार नाही. दुसरी विनंती ३ मेच्या अंकाविषयी आहे. त्या दिवशी 'राजा हरिश्चंद्र'ची म्हणून जी दृश्ये सर्वत्र छापली जातात, ती बहुधा फाळक्यांनी १९१७ साली नव्याने केलेल्या आवृत्तीतली असल्याचे अभ्यासक सांगतात, तेव्हा चित्राखालच्या ओळीत तसा उल्लेख करावा; आणि त्याच पानावर तेलंग यांच्या छायालेखनाविषयी आणि सरस्वतीबाईंच्या कामाविषयी एक सविस्तर लेख द्यावा.

कळावे,
आपली एक वाचक, पुणे