गळका रेडिएटर घरी बदलता येतो, तेही छापा

संपादक महोदय,

गाडी गरम होण्यावर पेपरात जे छापून येतं त्यात सल्ला बहुतेक एकच असतो, पाणी बघा, कमी असेल तर भरा आणि गॅरेजला दाखवा. यातलं "भरा" तेवढं लोक मनापासून पाळतात आणि महिनोन्महिने गळक्या रेडिएटरमध्ये (इंजिनमधलं गरम पाणी वाऱ्याने गार करणारी पुढची जाळी) नळाचं पाणी ओतत राहतात, त्यातल्या क्षारांनी आतून थर धरतो, गंज चढतो आणि एक दिवस तापमानाचा काटा लालमध्ये जाऊन हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं नाहीतर त्याच्याखालचं सील, हेड गॅस्केट, जातं, म्हणजे जे काम एका रेडिएटरवर भागलं असतं त्यासाठी इंजिन खोलावं लागतं. म्हणून हे पत्र. कूलंट, म्हणजे रेडिएटर-इंजिनमध्ये फिरणारं गार करायचं द्रव, सारखं सारखं कमी होतंय म्हणजे ते कुठूनतरी जातंय, आणि गळती रेडिएटरची असेल तर तो बदलणं बऱ्याच गाड्यांमध्ये घरी साध्या पान्यांनी जमतं, हे कुणी लिहीतच नाही.

आधी गळती नक्की कुठली ते बघायचं. होज पाइपचा जोड, वॉटर पंप, आतला हीटर (त्यातही हेच कूलंट फिरतं), कुठूनही गळू शकतं आणि थेंब वाऱ्याने मागे ढकलला जाऊन भलतीकडेच पडतो. हल्लीच्या बहुतेक रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची, टाक्या प्लास्टिकच्या आणि मधे रबरी सील दाबून बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन प्लास्टिक ठिसूळ होतं, मग या जोडाला किंवा होज बसतो त्या तोटीपाशी चीर जाते आणि वाळलेल्या कूलंटचे डाग दिसायला लागतात. लीक बंद करायचं जे लिक्विड मिळतं ते रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक, पण ते चीर बुजवतं तसंच हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकतं, त्यावर कायमचा भरवसा ठेवू नये.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहितोय ते. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. आत साधारण १ बार जास्तीचा दाब असतो, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. फडकं धरून हळूहळू उघडा असं सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. वरचा होज हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा, त्यात काहीही बिघडत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कारण काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन फिरू शकतो. खाली शिरायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँड लावा. मग खालचा ड्रेन प्लग नाहीतर खालचा होज काढून कूलंट रुंद भांड्यात घ्या. ते जमिनीवर किंवा गटारात सोडू नका हो! बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची किडनी निकामी होऊन मरतात, लहान मुलांनाही तेवढाच धोका आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर नाव लिहा आणि जुनं ऑइल-कूलंट जिथे घेतात तिथे द्या.

खोलण्याचं काम तसं सरळ आहे, होज, फॅन आणि त्याची जाळी, वरचे ब्रॅकेट, की रेडिएटर वर उचलला जातो. होज चिकटला असेल तर स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, पिळून सैल करा, आणि तो मऊ पडलेला किंवा भेगाळलेला असेल तर आत्ताच नवा टाका. एसीचा कंडेन्सर बहुधा रेडिएटरच्या पुढेच असतो, तो बाजूला करायचा पण त्याचे पाइप सोडायचे नाहीत, आत दाबाखाली गॅस असतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ऑइलचे पाइपही रेडिएटरला येत असतील तर ते काम सवय असलेल्याकडूनच करून घ्या.

नवा बसवला की लोकांना वाटतं झालं, पण खरं काम इथून पुढे. कूलंट रंग बघून घेऊ नका, रंगाचा काही ठरलेला नियम नाही, कंपनीने सांगितलेल्या जातीचंच घ्या, आणि तयार मिक्स नसेल तर शक्यतो अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर. हळूहळू ओता, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा, हीटर फुल गरमवर ठेवा आणि इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत, म्हणजे खालचा होज गरम होईपर्यंत, काट्यावर नजर ठेवून थांबायचं. आत हवा अडकली तर नवाकोरा रेडिएटर असूनही इंजिन तापतं आणि दोष त्या पार्टवर जातो. हीटरमधून गार हवा येत असेल तर हवा अजून अडकलेली आहे असं समजा. पुन्हा पूर्ण गार झाल्यावर लेव्हल बघून भरा, पुढचे काही दिवस रोज बघा.

आता मागणी. कूलंटची जात आणि किती लिटर लागतं हे गाडीसोबतच्या पुस्तकात बहुतेक असतं, पण हवा कुठून आणि कशी काढायची हे वर्कशॉपच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते मालकाच्या हातात येत नाही. कंपन्यांनी ते एक पान पुस्तकात घालावं, आणि आपण वाहनांवरच्या पानात हे चित्रांसकट छापावं, गरम झाकणाचा इशारा सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरात.

आपला,
एक वाचक