तलवारीपलीकडचा समाज

महोदय,

चिनी युद्धकथांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. तो उड्या आणि तलवारींपाशीच थांबला, याची रुखरुख लागली. मी परळच्या एका व्यायामशाळेत मल्लखांब शिकवतो. मला या कथांत खिळवून ठेवतो तो ‘जियांगहू’, दरबाराच्या आवाक्याबाहेरचा समाज. तिथे शाओलिन मठाचे भिक्षू आहेत, वुडांग डोंगरावरचे ताओपंथी आहेत आणि चक्क भिकाऱ्यांचीही संघटना आहे! तिच्यातला हुद्दा अंगावरच्या पिशव्यांच्या संख्येवरून ओळखायचा. प्रमुखाच्या हाती हिरव्या बांबूची काठी. मालाची राखण करत गावोगाव जाणाऱ्या पेढ्या तर चीनमध्ये खरोखरच होत्या. या जगात दाद मागायला कचेरीची पायरी सहसा कुणी चढत नाही. दिलेला शब्द, शपथेचं भाऊपण, गुरूचा मान, यांवर सगळा व्यवहार. त्याची किंमतही जबर: गुरूच्या खुनाचा सूड शिष्याच्या गळ्यात, मग त्या सुडाचा सूड पुढच्या पिढीत.

अशा कथांचे नामवंत लेखक जिन योंग यांच्या कादंबऱ्या १९५५ पासून हाँगकाँगच्या वृत्तपत्रांतून क्रमशः येत. आपणही एखादी मराठीत आणावी, ही कळकळीची विनंती. आमच्या आखाड्यातली पोरं नक्की वाचतील.

– एक मल्लखांब शिक्षक, परळ, मुंबई