मोंतोनेच्या लेखात यशवंत घाडगे कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत इटलीतील मोंतोने या डोंगरगावावर पानभर लेख आला. ब्राच्चो दा मोंतोने या सरदाराला त्यात दीड कॉलम आहे. पेरुजा शहर त्याने कसे घेतले, १४२४ मध्ये लाक्विलापाशी तो कसा पडला, सगळे सविस्तर. त्याचा मुलगा कार्लो याने १४७३ मध्ये गावाला दिलेला, येशूच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा काटा आणि त्याचा उत्सवही आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्यातून इथे लढलेले, व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च युद्धशौर्य सन्मान मिळवलेले नाईक (हा लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे यांचे नाव मात्र पानभरात एकदाही नाही. चौकटीतसुद्धा नाही.

मोंतोने ज्या टायबर नदीच्या खोऱ्यावर आहे, त्याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या छोट्या तुकडीतील इतर प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. एकटे उरलेले घाडगे गनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्यानेच उरलेल्या दोघांना लोळवले. मग दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय २२.

गावातून खोऱ्याचा ‘नजारा’ छान दिसतो, असे लेखक म्हणतात. तो दिसतो म्हणूनच तिथे तट बांधले गेले. टायबर आणि कार्पिना या नद्यांच्या वाटा वरून राखता येतात. १९४४ मध्ये जर्मनांनी या डोंगरधारा धरून ठेवल्या होत्या, त्याही याच कारणाने.

मी माणगाव तालुक्यातला. घाडगे आमच्या पळसगावचे. माणगावातील त्यांचा पुतळा येता-जाता पाहतो. मोंतोनेकरांनी जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले, तेव्हापासून तिथे जाऊन हात जोडायचे मनात होते. गेल्या वर्षी सहलीत आमची बस असिसीहून व्हेनिसकडे निघाली. मोंतोनेजवळचे उंबेर्तिदे आले तसा मी टूर मॅनेजरला म्हणालो, अर्धा तास वळवा. ‘काका, ते आपल्या कार्यक्रमात नाही, आणि तिथे बघण्यासारखं काही नाही.’ पुढे चॉकलेटे घ्यायला त्याने पाऊण तास बस थांबवली. मी खाली उतरलो नाही. निम्मी बस मराठी होती, पण घाडगे कोण, हे एकालाही ठाऊक नव्हते. वर्तमानपत्रेच लिहिणार नसतील तर लोकांना कळणार कुठून?

इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवान कामी आले. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ आपल्या जवानांचे. हे सगळे एका लेखात मावणार नाही, मान्य. पण घाडगे यांच्यासाठी चार ओळी हव्या होत्या. ट्रफलच्या पास्त्याला तुम्ही आठ दिल्यात.

शिवाय सोबतच्या नकाशात उंब्रियाला, म्हणजे मोंतोने ज्या प्रांतात आहे त्याला, समुद्रकिनारा दाखवला आहे. उंब्रियाला समुद्र कुठेच लागत नाही. मुले हे नकाशे कापून वहीत चिकटवतात. छापण्यापूर्वी कुणीतरी ॲटलास उघडत जावा.

येत्या रविवारी त्याच पानावर घाडगे यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, छायाचित्रासह, ही विनंती. नकाशाची दुरुस्तीही तिथेच छापावी.

आपला,
एक वाचक, माणगाव (रायगड)