कॅमेरा कुणाच्या हातात?

संपादक साहेब, नमस्कार.

ऑस्ट्रेलियात आर्न्हेम लँडला योल्ङू या आदिवासी लोकांमध्ये पोरांना दीक्षा देतात तो जुंगुवान विधी, त्याचं शूटिंग १९७६ मध्ये झालं ते तिथल्या वडीलधाऱ्यांच्याच इच्छेने, पुढच्या पिढीला बघता यावं म्हणून. पोरांच्या छातीवर तासन्‌तास कुळाची चित्रं रंगवतात, सोबत गाणी चालूच, आणि ती नुसती नक्षी नाही हो, कुठली जमीन कुठल्या कुळाची ते त्यात असतं. काही भाग गुप्त, तो कॅमेऱ्यात येताच कामा नये. आता तिथल्याच यिरकाला गावच्या मुल्का प्रोजेक्ट या चित्रण-संग्रह केंद्रात योल्ङू तरुण स्वतःच शूट करतात, जुनं फुटेजही सांभाळतात, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या पेपरातही अशा विधींचे फोटो ते विधी करणाऱ्या लोकांना विचारूनच छापावेत, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, नाशिक