लिंटर पास झाला, पण रक्कम रुपयात की पैशात?

संपादक साहेब, नमस्कार.

सरकारी सेवा ऑनलाइन आल्याच्या बातम्या आपल्या पेपरात येतच असतात, पण त्या सेवांच्या मागे जे एपीआय (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करायची सोय) असतात त्यांचा स्कीमा (कोणती माहिती कोणत्या स्वरूपात येणार याचा आराखडा) कसा लिहिला जातो यावर कोणीच बोलत नाही, म्हणून हे पत्र. केंद्र सरकारच्या 2015 च्या ओपन एपीआय धोरणातही एपीआयचं नीट डॉक्युमेंटेशन द्या असंच म्हटलंय.

स्कीमात प्रत्येक फील्डला, म्हणजे माहितीच्या प्रत्येक रकान्याला, डिस्क्रिप्शन (वर्णन) लिहायची सोय असते. आता बऱ्याच टीम स्पेक्ट्रलसारखा लिंटर (नियम पाळलेत का ते आपोआप तपासणारं टूल) लावतात, डिस्क्रिप्शन नसेल तर बिल्ड फेल, म्हणजे काम पुढे जातच नाही, आणि हे चांगलंच आहे. पण होतं काय की घाईत माणूस अमाउंट या फील्डला ‘अमाउंट’ एवढंच लिहून मोकळा होतो, लिंटर पास, आणि ती रक्कम रुपयात की पैशात हे कुठेच नाही. 500 आले तर पाचशे रुपये समजायचे की पाच? वेळेचंही तेच, भारतीय वेळ की यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) ते लिहिलं नाही तर रात्री एक वाजता भरलेलं बिल आदल्या दिवशीचं दिसतं, आणि लेट फी लागायची की नाही ते त्यावरच ठरतं हो!

बरं, नीट सविस्तर लिहायला जावं तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ओळ लांब होते. पेप 8 या पायथनच्या लेखन-नियमावलीची मर्यादा 79 अक्षरांची, कोड आपोआप नीट मांडणारा ब्लॅक 88 धरतो पण लांब स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) स्वतःहून तोडत नाही. मग लोक डिस्क्रिप्शनच छाटतात, नाहीतर ओळीच्या शेवटी नोक्यूए (ही ओळ तपासू नको अशी लिंटरला खूण) टाकून नियमच बंद करतात. काही गरज नाही याची. कंसात स्ट्रिंगचे तुकडे एकाखाली एक लिहा, पायथन आपोआप जोडतं, फक्त शेवटचा सोडून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी स्पेस ठेवा, नाहीतर दोन शब्द चिकटतात आणि ते ओळीची लांबी मोजणाऱ्या लिंटरला कळत नाही, थेट वाचणाऱ्याला दिसतं. ग्राफक्यूएल या एपीआय लिहायच्या दुसऱ्या पद्धतीत तर तिहेरी अवतरणचिन्हांत हव्या तेवढ्या ओळी लिहिता येतात.

माझं म्हणणं एवढंच, रिव्ह्यू करणाऱ्या सीनियरनी लिंटरच्या हिरव्या खुणेवर अप्रूव्ह करू नये, एकक काय आणि फील्ड रिकामं कधी येतं हे विचारावं. आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या सरांनी मॅडमनी फायनल इयर प्रोजेक्टला मार्क देताना एकदा स्कीमा उघडून डिस्क्रिप्शन वाचावीत.

आपला,
एक डेव्हलपर, पुणे