कॅराव्हॅनला घरची लाईट जोडताय? आधी अर्थिंग बघून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात घोडबंदर रोडला आणि इकडे नवी मुंबईत खारघर, नेरूळ, ऐरोली साईडला आता सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, रो-हाऊससमोर कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेल्या गाड्या, उभ्या दिसायला लागल्यात. कोणी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिची कॅराव्हॅन करून घेतलीय, कोणी तयार घेतलीय, कोणी भाड्याने द्यायला ठेवलीय. चांगलंच आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन कोकणात जाता येतं, हॉटेल शोधत फिरावं लागत नाही. पण ही गाडी घरी उभी असताना तिला लाईट कशी जोडतात ते बघून मला खरंच धडकी भरते, आणि आता पाऊस तोंडावर आलाय म्हणून हे पत्र. मी लायसन्सवाला इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे, याच भागात घरांची आणि सोसायट्यांची कामं करतो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

होतं काय, निघायच्या आदल्या रात्री गाडीतला फ्रीज गार करून ठेवायचा असतो, बॅटरी फुल करायची असते, कधी पाहुणे आले की दोघातिघांना गाडीतच एसी लावून झोपवतात. मग पहिल्या नाहीतर दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममधून वायर खाली सोडायची. स्लायडिंग खिडकीच्या फटीतून ती वायर येते, वर खिडकी दाबून लावलेली, म्हणजे ॲल्युमिनियमची धार थेट वायरच्या कव्हरवर. एका ठिकाणी तर मी वर जाऊन बघितलं तर वायरला प्लगच नाही, दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसलेली आणि निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या, अर्थची वायर कापून मागे दुमडून टाकलेली. विचारलं तर म्हणाले "काका, एका रात्रीचा तर प्रश्न आहे". अहो पण शॉक लागायला रात्र लागत नाही.

आता ती कापून टाकलेली अर्थची वायर किती महत्त्वाची ते सांगतो, कारण लोकांना वाटतं घरात मिक्सर अर्थशिवाय चालतो तशी गाडीपण चालेल. मिक्सर प्लास्टिकचा असतो हो. कॅराव्हॅन म्हणजे सगळा पत्रा, आणि तो उभा आहे रबराच्या टायरवर, म्हणजे जमिनीशी त्याचा संबंधच नाही. आत कुठे वायर घासली, पाणी गेलं, गीझरचं कॉईल फुटलं आणि फेज, म्हणजे करंट असलेली वायर, बॉडीला लागला की अर्थ असेल तर करंट तिकडून निघून जातो आणि एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) नाहीतर आरसीसीबी (करंट लीक झाला की पडणारा स्विच) पडतो. अर्थ नसेल तर काहीच होत नाही, लाईट चालू, एसी चालू, आत बसलेल्या माणसाला काही कळत नाही कारण तो पूर्ण त्याच पत्र्याच्या डब्यात आहे. कळतं ते खाली उतरणाऱ्याला. एक पाय ओल्या जमिनीवर, हात दरवाजाच्या हँडलवर, आणि 230 व्होल्ट त्याच्यातून जमिनीत. बहुतेक वेळा तो पहिला हात लावणारा कोण असतो तर गाडी धुणारा मुलगा, अनवाणी, हातात पाण्याचा पाईप.

कोपरखैरण्याला एका रो-हाऊसमध्ये मला याच कामासाठी बोलावलं होतं. गाडी धुताना ड्रायव्हरला हाताला झिणझिण्या येतात म्हणून. घरच्यांना वाटत होतं तो उगाच सांगतोय, कारण त्यांना स्वतःला चपला घालून काही लागत नव्हतं. मी मीटरची एक पिन दरवाजाच्या बोल्टला लावली, दुसरी बाजूच्या ओल्या मातीत लोखंडी सळई ठोकून तिला, तर 110 च्या आसपास व्होल्टेज. हे कुठून येतं तर गाडीतल्या बॅटरी चार्जरच्या आत एक फिल्टर असतो, तो थोडासा करंट बॉडीवर सोडत असतो, अर्थ असेल तर तो निघून जातो, नसेल तर बॉडीवर साधारण अर्धं व्होल्टेज लटकत राहतं. करंट अगदी बारीक, त्याने माणूस जात नाही, पण त्याचा अर्थ एकच की अर्थिंग गेलेलं आहे आणि ज्या दिवशी खरा फॉल्ट येईल त्या दिवशी वाचवायला काही नाही. त्या ड्रायव्हरचं ऐकलं म्हणून बरं झालं. ज्यांना ज्यांना गाडीला हात लावल्यावर असं मुंग्या आल्यासारखं होतं त्यांनी आधी घरातला मेन बंद करावा आणि मग बाकीचं बोलावं.

मग अर्थ गेलं कुठे? घर जुनं, अर्थची वायर बाथरूममागच्या लोखंडी पाण्याच्या पाईपला बांधलेली होती, पूर्वी सर्रास तसंच करायचे. मधे कधीतरी प्लंबरने सगळे लोखंडी जीआय पाईप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, टाकले, पाणी छान यायला लागलं, आणि अर्थिंग त्या दिवसापासून हवेत. घरातल्या कोणाला कसं कळणार? फ्रीज चालतो, टीव्ही चालतो. जुन्या वसाहतींमध्ये ज्यांनी ज्यांनी पाईप बदललेत त्यांनी कॅराव्हॅन असो नसो, हे एकदा तपासूनच घ्यावं असं मी हात जोडून सांगतो. तिथे आम्ही अर्थिंगसाठी नवीन कॉपर बाँडेड, म्हणजे तांब्याचा थर असलेला, रॉड जमिनीत ठोकला, त्याच्याभोवती केमिकल कंपाऊंड भरलं आणि तिथून गाडीसाठी वेगळी लाईन काढली. घोडबंदरला डोंगराच्या बाजूला मुरूम-खडक लागतो तिथे एका रॉडने भागत नाही, दोन-तीन लावून मोजून बघावं लागतं. आणि अर्थिंगचा कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला लागतं, ते कोणीच घालत नाही.

दुसरा एक प्रकार याहून वाईट. काही जण अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवरून, अर्थच्या पिनला लूप मारून देतात. तीन लाईटवाला छोटा टेस्टर लावला की सगळं ओके दाखवतो, बल्ब लावला तरी पेटतो, गिऱ्हाईक खूश. पण मागे कुठेही न्यूट्रल लूज झाला, निसटला, की गाडीत चालू असलेल्या फ्रीजमधून, एसीमधून आलेला फेज त्या लूपवरून थेट बॉडीवर. म्हणजे फॉल्ट नसतानासुद्धा पूर्ण गाडी लाईव्ह. असं करणाऱ्या वायरमनला पुन्हा दारात उभं करू नये.

आता नीट काय करायचं. बाहेर भिंतीवर, पावसाचं पाणी साचत नाही एवढ्या उंचीवर, निळा गोल इंडस्ट्रियल सॉकेट लावायचा, 16 अँपिअरचा तीन पिनचा, झाकणवाला. हा काही परदेशातून आणावा लागत नाही, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो. त्याला मीटरपासून स्वतःची लाईन आणि तिच्यावर 16 अँपिअरचा डबल पोल आरसीबीओ, म्हणजे लीकेज आणि ओव्हरलोड दोन्ही बघणारा ब्रेकर, 30 मिलीअँपिअर लीकेजचा. नुसता आरसीसीबी लावला तर तो लीकेज बघतो, ओव्हरलोड बघत नाही, म्हणून आरसीबीओ, नाहीतर सोबत एमसीबी. डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा, यासाठी की आपल्याकडे फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले बोर्ड भरपूर सापडतात आणि मग सिंगल पोल स्विच बंद केला तरी आत फेज असतोच. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघायचं. आणि आरसीबीओ आहे म्हणून अर्थ नको असं कोणी समजू नये, अर्थ नसेल तर तो पडण्यासाठी आधी कोणाचा तरी हात लागावा लागतो.

केबल तीन कोअरची, रबराच्या कव्हरची, तांब्याची अडीच स्क्वेअर एमएम. बाजारात जी स्वस्तातली एक्स्टेंशन मिळते ती एक एमएमची नाहीतर त्याहून बारीक असते. हिशोब बघा, एक एमएमची 25 मीटर केबल म्हणजे जाऊन येऊन 50 मीटर, रेझिस्टन्स साधारण 1 ओहम. गाडीत एक टनाचा एसी आणि इंडक्शन एकदम लावलं तर 13 अँपिअरच्या पुढे जातं, म्हणजे त्या वायरमध्येच जवळपास 170 वॅट जळतात. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते, पण बहुतेक जण ड्रमवर अर्धी गुंडाळलेलीच ठेवतात आणि मग आतले वेढे एकमेकांना चिकटून वितळतात. ड्रम पूर्ण उलगडायचा, लांबी जास्त झाली तरी. जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम धरून पाणी साचतं.

जोडताना आधी गाडीतला मेन बंद, मग केबल गाडीला लावायची, मग भिंतीला, मग वरचा आरसीबीओ चालू करायचा. काढताना उलट. आणि दोन्ही टोकांना पिना असलेली केबल कोणी बनवून दिली तर ती तिथल्या तिथे कापून टाका, एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्यावर लाईव्ह असतात. घरच्या इन्व्हर्टरच्या लाईनवर गाडी लावायची नाही, लाईट गेली की घरची बॅटरी गाडीच्या बॅटरीत रिकामी होते. गाडीत स्वतःचा इन्व्हर्टर असेल तर चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी एकच सप्लाय जोडणारा स्विच, पाहिजेच, दोन्ही सप्लाय कधी समोरासमोर येता कामा नयेत.

तरुण मुलं अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतात आणि मला म्हणतात आम्हाला 30 अँपिअरचा पॉइंट द्या. तिकडे ते 30 अँपिअर 120 व्होल्टवर असतं, म्हणजे 3600 वॅट. आपल्याकडे 230 व्होल्टवर 16 अँपिअर म्हणजे 3680 वॅट, सारखंच झालं. घरच्या वायरिंगवर 30 चा ब्रेकर लावायचा हट्ट धरू नका, ब्रेकर पडणार नाही आणि भिंतीतली वायर जळेल. तिकडून मागवलेली 120 व्होल्टची उपकरणंही इथे थेट चालत नाहीत. आणि खरं सांगायचं तर घरी उभ्या गाडीला लागतं किती, चार्जर आणि फ्रीज मिळून पाचसहाशे वॅट. इंडक्शन, केटल, गीझर घरात आहेच की, ते तिथेच वापरा. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, कळवा-मुंब्रा-दिव्यात टोरंटच्या बिलावर, बाकीकडे महावितरणच्या, तो एकदा बघा आणि कमी असेल तर वाढवून घ्या. भाड्याच्या गाड्यावाल्यांनी हेही लक्षात ठेवावं की धंद्यासाठी घरगुती मीटर वापरला तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 मध्ये ते येऊ शकतं, त्यात दुप्पट दराने आकारणी होते.

आता सोसायट्यांबद्दल. बऱ्याच कमिट्या एकतर सरळ "कॅराव्हॅनला लाईट मिळणार नाही" म्हणतात नाहीतर बघून न बघितल्यासारखं करतात. बंदी घातली की लोक रात्री खिडकीतून वायर सोडतात, म्हणजे धोका तसाच, फक्त अंधारात. माझं म्हणणं आहे की ईव्ही चार्जिंगसाठी तुम्ही पार्किंगमध्ये लाईन टाकताच आहात, तेव्हाच त्यात एक निळा सॉकेट सबमीटरसकट द्या. आपल्याकडचा भारत एसी-001 नावाचा जो ईव्ही चार्जर आहे त्यात हाच निळ्या जातीचा इंडस्ट्रियल कनेक्टर आहे आणि एका पॉइंटला 3.3 किलोवॅट, म्हणजे कॅराव्हॅनला भरपूर. वेगळं काही करायचं नाही, नवीन खर्च फार नाही, बिल ज्याचं त्याने भरायचं. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाडी कशी बनवायची त्याला एआयएस-124 स्टँडर्ड आहे, पण गाडी वर्षातले बहुतेक दिवस जिथे उभी असते त्या घराच्या दाराशी काय करायचं हे लोकांना कोणी समजावून सांगत नाही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी विद्युत निरीक्षक कार्यालयाला सोबत घेऊन पावसाआधी एक साधं पत्रक मराठीत काढावं आणि सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर लावायला द्यावं. आपल्या पेपरनेही हा विषय लावून धरावा ही विनंती.

ज्या सोसायट्यांमध्ये असा पॉइंट बसवायचं चाललंय तिथल्या सभासदांनी कमिटीकडून ठेकेदाराच्या लायसन्सची झेरॉक्स आणि अर्थ रेझिस्टन्स मोजल्याचा रिपोर्ट मागून घ्यावा, तारीख आणि सही बघावी, आणि ते मिळेपर्यंत कामाचं बिल पास करू नये.

आपला,
एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई