फ्लॅटच्या आधी एजंट बघ

छत्रपती संभाजीनगर

प्रिय सुधाकर,

तुझं पत्र कालच मिळालं. घर इथंच घ्यायचं नक्की केलंत, वहिनीही तयार झाल्या, वाचून फार बरं वाटलं. पोरीचं पुढचं शिक्षण या शहरातच होणार म्हटल्यावर भाडं भरत बसण्यापेक्षा हप्ता भरलेला बरा. पण शेवटी तू लिहिलंस की परभणीतल्या कुणीतरी एका एजंटचा नंबर दिलाय आणि तो येत्या रविवारी फ्लॅट दाखवणार आहे. ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. गड्या, फ्लॅटच्या आधी एजंट बघ.

सगळ्यात आधी त्याला हे विचार की, तुमची दलाली कोण देणार? नव्या स्कीममधला फ्लॅट असेल तर त्याला बिल्डर पैसे देतो. तुला वाटतं हा आपल्याला फुकट फिरवतोय, पण ज्याचं खातो त्याचीच बाजू तो धरणार. रिसेलमध्ये बहुतेक जण दोन्ही पार्ट्यांकडून टक्क्यावर घेतात. चाळीस लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का म्हटलं तरी 40,000 रुपये होतात. त्यात गैर काही नाही, उन्हातान्हात फिरतो तो माणूस. फक्त किती आणि कधी हे पहिल्याच भेटीत ठरव, कागदावर घे, आणि रक्कम रजिस्ट्री झाल्यावरच दे. हे विचारल्यावर जो बिचकतो, त्याच्या गाडीत बसूच नकोस.

दुसरं रेराचं, म्हणजे घर घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून केलेल्या कायद्याचं. 2017 मध्ये तो राबवणारं महारेरा हे प्राधिकरण सुरू झालं तेव्हापासून नोंदणी असलेल्या प्रकल्पातली घरं विकायची तर एजंटचीही नोंदणी लागते. एजंटचा नंबर ए अक्षरानं सुरू होतो, प्रकल्पाचा पी अक्षरानं. दोन्ही नंबर मागून घे आणि महारेराच्या साईटवर स्वतः टाकून बघ. आता एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते, ते प्रमाणपत्रही दाखवा म्हण. नोंदणीशिवाय धंदा करणाऱ्याला दिवसाला 10,000 रुपये दंडाची तरतूद आहे, त्यामुळं जो सरळ आहे तो नंबर कार्डावरच छापतो. नव्या फ्लॅटसाठी नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात ठेव. मात्र जुना फ्लॅट किंवा सुटा प्लॉट घेतोस तेव्हा रेराचं हे छत्र बहुतेक वेळा डोक्यावर नसतं. तिथं सगळी भिस्त कागदांवर आणि मधल्या माणसाच्या इमानदारीवर.

आणि कागदांचं म्हणशील तर आपल्या मराठवाड्यात जरा जास्तच जपावं लागतं. शहराच्या कडेनं, सातारा, देवळाई, हर्सूल, मिटमिटा या भागांत गुंठेवारीचे प्लॉट आहेत. शेताचे तुकडे पाडून बॉण्डवर, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर विकलेले. गुंठेवारीचा कायदा 2001 चा, पुढं 2021 मध्ये मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. पण नियमित करता येतं म्हणजे झालेलं आहे असं नाही. 'गुंठेवारी आहे, होऊन जाईल' असं एजंट म्हणाला की महापालिकेचा नियमितीकरणाचा कागद मागायचा. तसंच निजामाच्या काळच्या इनामी जमिनी आठही जिल्ह्यांत आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असं दिसलं की परवानगीशिवाय व्यवहार अडकलाच म्हणून समज. इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का, फेरफारात बहिणींची नावं आहेत का, हे चांगला एजंट तू विचारायच्या आधी सांगतो. तरीही तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, तुझ्या वकिलाकडून काढ. एजंटनं आणलेला वकील नको. फी थोडी जास्त गेली तरी जाऊ दे.

माझ्या मेहुण्यानं मागच्या वर्षी बीड बायपासला फ्लॅट घेतला, तेव्हा मी सोबत होतो. पहिल्या एजंटनं चहाच्या टपरीवरच सांगितलं, 'उद्या सकाळी दुसरी पार्टी येतेय, आज एक्कावन्न हजार टोकन टाका.' सातबारा मागितला तर म्हणाला, आधी टोकन, मग झेरॉक्स. आम्ही तिथूनच उठलो. दुसरा वयस्कर माणूस, त्याच भागात राहणारा. फ्लॅटमध्ये शिरल्याबरोबर त्यानं स्वयंपाकघरातली तोटी सोडली, धार बघितली, मग आम्हाला गच्चीवर नेऊन टाकीचं झाकण उघडून दाखवलं. नळ किती दिवसांआड येतो, उन्हाळ्यात टँकरला महिन्याला किती जातात, बोअर कधी आटतो, सगळं त्यानं वॉचमनकडून आमच्यासमोर वदवून घेतलं. आणि निघताना म्हणाला, 'साहेब, सोसायटीची नोंदणी झालेली नाही, बिल्डरनं अजून जागा सोसायटीच्या नावावर करून दिली नाही. तुमच्या जागी मी असतो तर थांबलो असतो.' तो सौदा झाला नाही, त्याची दलालीही बुडाली. पुढं त्याच माणसानं दाखवलेलं घर मेहुण्यानं घेतलं. जायकवाडी उशाला असूनही ज्या शहरात नळाची वाट बघावी लागते, तिथं तोटी सोडून दाखवणारा माणूस मला तरी सगळ्यात भरवशाचा वाटतो. त्याचा नंबर तुला फोनवर देतो.

म्हणून मला वाटतं, परभणीहून नंबर मिळालेल्या माणसाला नाही म्हणू नकोस, पण त्याला दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांची नावं विचार. आपण त्यांच्या घरी जाऊन येऊ. रजिस्ट्रीच्या दिवशी ऐनवेळी रक्कम वाढली का, कागद वेळेवर मिळाले का, एवढं विचारलं तरी पुरे. इसारपावती करायची वेळ आली तर विक्रेत्याच्या खात्यावर चेकनंच पैसे दे. एजंटच्या हातात रोख अजिबात नको. कर्ज मंजूर झालं नाही तर इसार परत मिळेल, असं वाक्य त्या पावतीत असलंच पाहिजे. त्यावर एजंट कितीही 'असं कुणी लिहीत नाही' म्हणाला तरी मागं हटू नकोस.

अजून एक, घर एकट्या वहिनींच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चाळीस लाखांवर ते 40,000 होतात, म्हणजे दलाली निघून जाते. घरी बोलून ठरवा.

रविवारी बँक बंद असते, म्हणून शुक्रवारीच सकाळच्या गाडीनं ये, मी स्टेशनवर येतो. येताना तुझ्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन ये. आधी बँकेत तुला किती कर्ज बसतं ते विचारू, म्हणजे एजंटला आकडा आपण सांगू, त्यानं आपल्याला सांगायला नको. पोरीला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव